आधी कोणतं उघडायचं

सुनेने स्क्रू काढून जुनी हार्ड डिस्क संगणकाच्या डब्यातून बाहेर ओढली, तेव्हा सासूने दोन्ही हात पुढे केले. टेबलावर ठेवायला ती तयार नव्हती. धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून तिने डिस्क मांडीवर घेतली आणि भरतकामाच्या मशीनशेजारी स्टुलावर बसली.

"तुमच्याकडेच राहू दे, आई," सून म्हणाली. "आत जोडलेली राहिली आणि माझ्या हातून चुकीचं बटण दाबलं गेलं, तर एकोणीस वर्षांची डिझाइनं जातील."

"जातील म्हणजे कुठे?"

"जातील म्हणजे गेली."

सासूने टॉवेलाचं टोक आत खोचलं.

चित्राचे टाके पाडून देणारा तिचा प्रोग्राम फक्त जुन्या सिस्टीमवर चालायचा आणि तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. गिऱ्हाइकं हल्ली पाठवत ती चित्रं त्यावर उघडत नव्हती. जुनं भंगारात द्या, असं मुलाने एका वाक्यात सांगून टाकलं. त्यावर सासू दोन दिवस कामापुरतंच बोलली. मग सुनेने तोडगा काढला. एकाच संगणकात दोन डिस्क बसवायच्या, एकीवर जुनी सिस्टीम, दुसरीवर नवी. सुरू करताना विचारेल, कोणती हवी. ज्याला जी हवी ती त्याने उघडावी.

रिकाम्या नव्या डिस्कवर नवी सिस्टीम चढायला लागली. पडद्यावरचे टक्के मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होते. दोघींनाही करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून असेल, सासू बोलू लागली.

धंदा तिने एका मैत्रिणीच्या जोडीने भाड्याच्या गॅरेजात सुरू केला होता. जोडीदारीण चित्र काढायची, सासू त्याचे टाके करायची. पहिलं काम पोहण्याच्या क्लबचं, पन्नास शर्टांच्या खिशांवर मासा. मासा काही केल्या माशासारखा होईना, दिसायला थेट चप्पल. क्लबच्या सेक्रेटरींनी शर्ट उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, राहू द्या, पाण्यात कोण बघतंय. त्यांच्या पाठीमागे दोघी भिंतीला टेकून इतक्या हसल्या की मशीन बंद करावं लागलं.

सून नऊ वर्षं या घरात होती. कपड्याच्या उलट्या बाजूचे सुटलेले धागे शोधून काढणारी सासू तिच्या ओळखीची होती. गॅरेजच्या पायरीवर बसून मैत्रिणीबरोबर एक डबा अर्धा अर्धा खाणारी बाई तिला आजच भेटत होती. मैत्रीण जाऊन चार वर्षं झाली होती. त्याबद्दल सासूने एवढंच सांगितलं की शेवटच्या आठवड्यातसुद्धा ती कामावर आली होती.

नवी सिस्टीम नीट उघडली. सुनेने संगणक बंद केला, टॉवेलातली डिस्क घेऊन जागेवर बसवली, वायरी लावल्या आणि नव्या सिस्टीमला सांगितलं, आता दुसरी शोध आणि यादीत घाल.

यादीत एकच नाव आलं. तिने पुन्हा शोधायला लावलं. पुन्हा एकच.

सासू उठली. ती रिकाम्या टॉवेलाची घडी घालू लागली. घडी झाल्यावर मोडली आणि पुन्हा घातली. सुनेने डबा परत उघडला. तिने आत टॉर्च धरला, एकेक वायर ओढून पाहिली. एक चपटी वायर नुसती टेकलेली होती. अंगठ्याने दाबल्यावर ती टक् करून आत बसली.

या खेपेला दोन नावं आली. सुनेने जुनं निवडलं.

ओळखीचा फिकट निळा पडदा उघडला. माऊस सासूने आपल्या हातात घेतला. फाइलींना नावं जोडीदारणीने दिलेली होती. 'शेवटचं'. 'खरंच शेवटचं'. 'आता बदल सांगितलात तर बघा'. वाचता वाचता सासूला हसू आलं, मग आवरेना. सूनही हसत होती.

सगळ्यात खाली एक बिननावाची फाइल होती. सासूने ती उघडली. वेलीचं चित्र होतं. डावी बाजू टाक्यांनी भरलेली, उजवीकडे नुसत्या पेन्सिलीसारख्या रेघा.

"नव्यात घेऊन पुरी करता येईल," सून म्हणाली. "मी दाखवते."

"नको," सासू म्हणाली. "तिने सांगितलं नाही अजून, पानं किती घ्यायची ते."

मग तिने फाइल बंद केली. शेवटचं एक ठरवायचं राहिलं होतं, ते सुनेने समजावून सांगितलं. सुरू केल्यावर दोन नावं दहा सेकंद दिसतात. कुणी काही दाबलं नाही तर वरचं आपोआप उघडतं. वर कोणतं ठेवायचं? विचारतानाच तिने उत्तर गृहीत धरलं होतं.

"नवं ठेव," सासू म्हणाली. "काम तिकडे आहे. पण दहा फार कमी होतात गं. साठ कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून चहा घेऊन आली, तेव्हा सासू संगणकासमोर बसली होती. काळ्या पडद्यावर दोन नावं होती आणि खाली आकडा उतरत होता, एक्केचाळीस, चाळीस, एकोणचाळीस. सासूचे हात मांडीवर होते. सून कपबशी धरून दारातच थांबली. आकडा संपला आणि नवी सिस्टीम उघडली.

"आण चहा," सासू मागे न वळता म्हणाली. "आज शाळेचे बिल्ले द्यायचेत."