तिसरा कौल

“वहिनी, डावी कळी पडली. देवीचा नकार आहे,” गुरव म्हणाले.

कबड्डी खेळताना माझा दीपेश महिन्यात दुसऱ्यांदा डोक्यावर आपटला होता. डॉक्टरांनी तीन महिने मैदान बंद सांगितलं होतं. त्याला खेळू देऊ का, म्हणून गुरवांनी देवीच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या कळ्या चिकटवून कौल लावला होता; उजवी पडली तर होकार. त्याचे सर माझ्या शेजारीच उभे होते. “काकू, परवा फायनल आहे. त्याच्याशिवाय चढाईला कोण आहे आमच्याकडे? परत विचारा की.”

मी परत कौल लावायला सांगितलं. पुन्हा डावीच. तिसऱ्यांदा उजवी पडली, तेव्हा सर हसले. “बघा, देवीलाच दया आली.” दीपेशच्या कपाळाला अंगारा मीच लावला.

फायनलमध्ये पाच जणांनी त्याला पाडलं आणि पुन्हा डोकंच आपटलं. आता तो दिवसभर एकच विचारतो, “आई, मॅच कधी आहे?” सर सांगतात, घरच्यांनी सोडला म्हणून खेळवला. खोटं नाही ते.

आज मंगळवारचा उपास धरून मी एकटीच देवळात गेले. माझा मुलगा बरा होईल का, एवढंच विचारलं. डावी कळी पडली. गुरवांनी नवी कळी पाण्यात बुडवली आणि माझ्याकडे पाहिलं. “परत विचारू, वहिनी?”

हो म्हणायला माझी जीभ रेटली नाही.