संगणकावरचं हिरवं पाकीट

पडद्यावरचं चित्र चालवणाऱ्या ड्रायव्हर-प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवण्याआधी वेन-श्यांगनी संगणकावर ठेवलेलं कुरकुऱ्यांचं पाकीट सरळ केलं आणि त्यावरची तारीख पाहून घेतली. पाकीट हिरवंच हवं, शिळं नको आणि कोणी फोडता कामा नये. मग यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे ताइनान शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आज यंत्राने शहाण्यासारखं वागणं भाग होतं. त्यांच्या बायकोच्या, यू-लानच्या, नाचाच्या संघाचं पहिलं बक्षीस अर्ध्या गुणाने हुकलं होतं. पाऊल कोणाचं चुकलं ते बघायला चार वाजता सगळ्याजणी घरी येणार होत्या. व्हिडिओ वेन-श्यांगच्याच कॅमेऱ्यातला. पण ऐन गिरकीला चित्र गोठायचं, आणि परत हलायचं तेव्हा गिरकी संपलेली असायची.

"वीस वर्षं हे फुकटचं लिनक्स कवटाळून बसलायत," यू-लान म्हणाली. "आज अडकलं, तर उद्या विकतचं आणते."

"फुकटचं म्हणू नको. जगभरची माणसं मिळून लिहितात ते सॉफ्टवेअर."

"मग एकालाही नाच कळत नाही वाटतं."

पडदा काळा झाला. मग पडदा उजळला, व्हिडिओ सुरू झाला आणि कुठेही न अडखळता चालू लागला. वीस वर्षांचं चीज झालं असं त्यांना वाटलं. गिरकी आली. बाराजणी वळल्या. म्हणजे अकराजणी वळल्या. बारावी मधोमध उभी राहून कॅमेऱ्याकडे, म्हणजे त्यांच्याकडेच, बघून हसत होती.

ती यू-लान होती.

साडेतीन वाजून गेले होते.

"अहो," यू-लान हळूच म्हणाली, "तो जुना ड्रायव्हर परत बसवता येतो का?"

"येतो की. आमच्यात जुनं काही टाकून देत नाहीत."

चारच्या सुमारास ऐन गिरकीला चित्र गोठलं. अकराजणींनी एकदमच उसासा टाकला.

"भाऊजी, आता तरी विकतचं घ्या एखादं," त्यांच्यातली मेइ-चिन म्हणाली.

"काही नको," यू-लान फटकन म्हणाली. "आमचं आहे ते बरं आहे."

वेन-श्यांगनी संगणकावरचं हिरवं पाकीट उचललं, सगळ्यांदेखत टर्रकन फाडलं आणि पहिली मूठ बायकोपुढे धरली.