जिन्याखालचा चौकोन

"जिन्याखाली अडगळ," मालकांच्या मुलीने हातातल्या जुन्या नकाशावरून वाचलं. शिडीवरच्या पेंटरने ब्रश रंगात बुडवला.

बंगल्याचं आता समाजकेंद्र झालं होतं. उद्या उद्घाटन. दिवाणखान्याच्या भिंतीवर बंगल्याचा इतिहास लिहून झाला होता आणि खाली खोल्यांचा आराखडा. एवढाच चौकोन रिकामा होता.

"अडगळ नव्हती ती," खाली शिडी धरून उभी असलेली मावशी म्हणाली. केंद्राची झाडलोट तिच्याकडे होती. "माझी आई राहायची तिथं. बावीस वर्षं. गेलीही तिथंच."

"बाबांनी करून घेतलेला नकाशा आहे हा. त्यात अडगळच लिहिलंय."

"त्यांनी लिहिलंच असेल."

"तू शिडी धर. तुला कुणी विचारलंय?"

मावशीने शिडी सोडली आणि दोन पावलं मागे सरली. फरशी नुकतीच पुसलेली होती. शिडीचा पाय जरा घसरला, तसा पेंटर भिंतीला चिकटला.

"अहो मावशी, यात माझं काय चुकलं? मला पोरंबाळं आहेत."

"अडगळ लिहिणाऱ्याची शिडी मी धरत नाही."

"बरं, लिही रे, मोलकरणीची खोली," मालकांची मुलगी म्हणाली. "झालं समाधान?"

"तुमच्या आईच्या खोलीवर नाव आहे. वडलांच्या खोलीवर आहे. माझ्या आईचंही लिहा."

"लिही बाबा तिचंही. आम्ही तिला कधी परकं मानलं नाही. घरातलीच होती ती."

"नाव काय?" पेंटरने विचारलं. सकाळपासून सगळी नावं मालकांची मुलगीच सांगत होती, म्हणून त्याने तिच्याकडेच पाहिलं.

तिने मावशीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मावशी म्हणाली. "घरातलं माणूस ना? सांगा."

मालकांच्या मुलीने नकाशाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"बाई, ब्रश वाळतोय," पेंटर म्हणाला. "पूर्ण आठवत नसेल तर राहू द्या. हाक कशी मारायचात, तेवढं सांगा."

"हाक नाही मारायचो," ती नकाशात बघत म्हणाली. "घंटा होती."

मावशी पुढे आली. तिने शिडी दोन्ही हातांनी धरली आणि आईचं नाव सांगितलं. पेंटरला ते पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. तरी तिने ते तीनदा सांगितलं.