गेटाचं नाव

१९९६ साली संयुक्त अरब अमिरातीतल्या उम्म अल क्वैनजवळच्या एका उत्खननात आभा करंदीकर सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवायची. एका दुपारी तिच्यासमोर एक रोमन नाणं आलं. त्यावर दोन भाऊ समोरासमोर होते, आणि एकाचा चेहरा छिन्नीनं खरवडलेला. तो गेटा. सख्ख्या भावानं, सम्राटानं, त्याचा खून करवला आणि साम्राज्यभर त्याचं नाव पुसून टाकायला लावलं, हे तिला ठाऊक होतं.

तिनं रजिस्टरमध्ये ‘गेटा’ लिहिलं. जेवून परत आली, तर तेवढाच शब्द खरवडलेला. नोंदणीच्या शेडला कुलूप होतं आणि किल्ली तिच्याच पर्समध्ये.

तिनं स्टोअरकीपर मोहिद्दीनभाईंना बोलावून त्यांच्यादेखत पुन्हा लिहिलं. कर्र कर्र आवाज आला आणि अक्षरं दोघांच्या नजरेसमोर उडाली.

“बाई, खलास! आता नका लिहू,” मोहिद्दीनभाई घाबरून म्हणाले.

“का नको? अठराशे वर्षं होत आली. अजून त्या सम्राटाचाच हुकूम चालणार? मी लिहिणारच.”

तिनं पेन दाबून तिसऱ्यांदा ‘गेटा’ लिहिलं आणि खाली स्वतःची सही ठोकली. आवाज थांबला. नाव शाबूत राहिलं.

“बघा, राहिलं की नाही?”

मोहिद्दीनभाई तिच्याकडे अनोळखी नजरेनं बघत होते. “माफ करा, आपण कोण? आत कशा आलात?”

तिनं झटकन खाली पाहिलं. सहीच्या जागी कागद खरवडलेला होता.

“नाव हवंय? लिहून घ्या!” ती ताठ उभी राहिली. नाव सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि आतून कर्र कर्र आवाज आला.