दृष्ट काढलेला फोन

"दृष्ट काढलीय, मॅडम. कॅमेरा अगदी कोरा," भालेकर म्हणाला. कॅमेऱ्याची स्मृती पुसण्याला हल्ली सगळे दृष्ट काढणंच म्हणत. जुन्या फोनची जाहिरात वाचून तो विकत घ्यायला आलेल्या तृप्तीचा या गोडबोल्या विक्रेत्यावर काडीचा विश्वास नव्हता. कोरा कॅमेरा नवा चेहरा तीन सेकंद न्याहाळतो. ओळखीच्या चेहऱ्याभोवती मात्र लगेच हिरवी चौकट येते. तिने फोन स्वतःसमोर धरला.

चौकट क्षणात हिरवी झाली. खाली आकडा उमटला: भेटी ४,३१२.

भालेकरने झडप घातली. "बिघडलाय तो! द्या इकडे!"

"खबरदार हात लावलास तर!" फोन मुठीत आवळत ती जिन्याकडे सरकली. "मी तुला आज पहिल्यांदा बघतेय. तुझा फोन मला चार हजार वेळा बघून बसलाय. उरलेली दृष्ट आता चौकीत काढू."