मे महिन्याची जुळवणी

नरहररावांनी डब्यातल्या नोटा चौथ्यांदा मोजल्या आणि आकडा पुन्हा तोच आला. समोर वरच्या मजल्यावरची शर्वरी लॅपटॉप उघडून बसली होती. ती एका सीएच्या ऑफिसात कामाला होती. पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने गेल्या महिन्यात बसवून दिलेल्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये कुठे अडलं की काका तिला हाक मारायचे. आज रविवार असून सकाळी नऊलाच मारली होती, तीही जिन्यात उभं राहून.

"तीन हजार चारशे चाळीस," ते म्हणाले.

"आणि इथे हवेत पाच हजार पाचशे चाळीस. एकवीसशे कमी आहेत, काका. बँकेचं एकदम बरोबर आहे. फक्त रोखीचं गडबडतंय."

नरहरराव उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं नटबोल्ट मोजलेला हा माणूस. एक वॉशर कमी भरला तर त्याला जेवण गोड लागायचं नाही, आणि इथे घरचाच डबा दाद देत नव्हता. दुधाची, पेपरची, भाजीची चिठ्ठी त्यांनी पुन्हा टेबलावर मांडली. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. बाग सेवनिया वस्तीतल्या घराचा तो एवढासा हॉल, त्यात त्यांच्या फेऱ्या. शर्वरीला गरगरायला लागलं.

"टेन्शन नका घेऊ, काका. 'इतर खर्च' मध्ये टाकून देते. सगळे असंच करतात. हिसाब जुळून जाईल."

"तसा नको. गेले कुठे ते कळायला हवं."

सिंधूताई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. नरहररावांनी त्यांना सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं, "डब्यातून काही काढलं होतंस का तू?"

"भाजीचे सांगितले ना," सिंधूताई म्हणाल्या.

नरहरराव पुन्हा खिडकीकडे गेले आणि तिथूनच शर्वरीशी बोलू लागले. "अण्णांचं असंच सुरू झालं होतं. माझे थोरले भाऊ, ग्वाल्हेरचे. आधी हिशेब जुळेना. मग गॅस बंद करायचं विसरायला लागले. शेवटी वहिनींनाच विचारायचे, बाई, आपण कोण?" मग खिडकीतून वळून ते म्हणाले, "मी उद्या अकराची वेळ घेतली आहे. मेंदूच्या डॉक्टरांची."

सिंधूताईंना हे ठाऊक नव्हतं. हातातली बशी त्यांनी खाली ठेवली. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

डब्यातून त्या पैसे काढत होत्या, दर महिन्याला. लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला सासूबाईंनी बजावलं होतं, कुणाला दिलेलं कागदावर लिहायचं नाही आणि नवऱ्यापाशी बोलायचं नाही. लिहिलं की ते दान राहत नाही, खर्च होतो. सेहेचाळीस वर्षं सिंधूताईंनी हे पाळलं. घरात वही होती तोवर तीत घरखर्चाचा एकच ठोक आकडा असायचा, त्यात सगळं खपून जायचं. हा मेला प्रोग्रॅम रुपया सोडायला तयार नव्हता.

"लिही गं, शर्वरी," त्या म्हणाल्या. "दत्ताच्या देवळात अन्नदानाला पाचशे. इस्त्रीवालीच्या औषधाला सातशे. चौकीदाराला तीनशे, त्याच्या मुलीचा फॉर्म भरायचा होता."

नरहरराव बघतच राहिले. "तू दिलेस? मग मघाशी विचारलं तेव्हा..."

"सांगायचं नसतं ते." सिंधूताईंचा आवाज चिरका झाला. "आता सांगितलं ना. लिही तू."

शर्वरीने तिन्ही रकमा भरल्या. "अजून सहाशे राहिले," ती म्हणाली, आणि उगाच बोलले असं तिला वाटलं.

नरहरराव बायकोकडे बघत होते. इतक्या आशेने त्यांनी मुलाच्या बारावीच्या निकालाकडेसुद्धा पाहिलं नव्हतं. सिंधूताईंनी मनातल्या मनात सगळा महिना पुन्हा उलटून पाहिला. दिलेलं लिहायचं नसल्यामुळे त्यांना ते पक्कं आठवत असे. पंधराशेच दिले होते. वर एक रुपया नाही.

"हां, आणि कुसुमला सहाशे," त्या म्हणाल्या. "तिच्या मुलाच्या वह्यापुस्तकांना."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. कुसुम त्यांच्याकडे झाडू-भांडी करायची, आणि ती मे लागण्यापूर्वीच गावाला गेली होती. घरातला केर महिनाभर नरहररावच काढत होते. सिंधूताईंना वाटलं, आता हे विचारणार, अगं, कुसुम आहे कुठे इथे? शर्वरीचं बोटही थांबलं होतं. दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"द्यायलाच हवेत," नरहरराव म्हणाले. "पोरगा हुशार आहे तिचा. टाक गं."

शर्वरीने सहाशे टाकले. फरकाच्या जागी शून्य आलं. नरहरराव सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीत टेकले आणि मोठ्याने हसले. गार झालेले पोहे त्यांनी पुढे ओढले आणि वर शेव मागितली.

"उगाच घाबरलो बघ. शर्वरी, त्या दवाखान्यात मेसेज टाकून दे बेटा. उद्याची वेळ रद्द."

शर्वरीने सिंधूताईंकडे पाहिलं.

"राहू द्या," सिंधूताई म्हणाल्या.

"अगं, हिशेब जुळला की आता."

"जुळला." त्यांनी शेवेची वाटी नवऱ्यापुढे सरकवली. "तरी जाऊ. मीही येते."