गुलाबी फांदी

युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात घरदार सोडून पळताना हेडविगनं अंगणातल्या सफरचंदाची एक डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली. एल्बे नदीकाठच्या, फळबागांच्या एका जर्मन खेड्यात तिला आसरा मिळाला. म्हाताऱ्या हिनरिकनं तिला माळ्यावरची खोली दिली, तीही सरकारी हुकूम होता म्हणून.

बर्फ वितळल्यावर तिनं ती डहाळी त्याच्यापुढं धरली. "हिचं कलम बांधाल का?"

"माझ्या झाडावर परकं फळ नको." तो जायला वळला आणि थबकला. "तुमचं गाव कुठलं म्हणालात?"

तिनं पूर्वेकडच्या आपल्या खेड्याचं नाव सांगितलं. हिनरिकनं तिच्या हातातली डहाळी घेतली. "माझा पोरगा लढाईत तिकडंच पडला," तो म्हणाला. "त्याच्या मातीवर मला साधं फूल वाहता आलं नाही." मग त्यानं खिशातून चाकू काढला.

तिसऱ्या वसंतात ते कलम फुललं. त्या दिवसांत फळझाडांच्या बहरानं सारं गाव पांढऱ्या धुक्यात बुडाल्यासारखं दिसे, आणि नदीच्या बांधापलीकडून जाणाऱ्या जहाजांची शिडं फुलांवरूनच तरंगत चालली आहेत असं वाटे. त्या पांढऱ्यात एकच फांदी गुलाबी होती. तिच्याखाली उभं राहिलं की हेडविगला आईची हाक ऐकू आल्याचा भास होई. शेजारी हिनरिक टोपी काढून उभा असे. त्याला कुणाची हाक ऐकू येई, हे तिनं कधी विचारलं नाही.

एकदा कुंपणापलीकडून शेजाऱ्यानं विचारलं, "ही फांदी त्या निर्वासित बाईची का रे?"

"आमच्या घरची आहे," हिनरिक म्हणाला, आणि हेडविगकडं वळला. "चल गं पोरी, जेवायला."